कहाणीपासून लघुकथेपर्यंत



आपल्या मंडळाच्या बुधवारच्या कथावाचनाविषयी स्मरणिकेत काही लिहावे, असे चिटणीसबाईंनी मला सुचविले. नुसता अहवाल लिहावयाचा तर तो चार ओळींत संपेल. किती बैठका झाल्या व किती जणी आल्या, एवढेच त्यात यावयाचे. परंतु गेल्या तीन वर्षांत आम्ही ज्या गोष्टी वाचल्या त्या कोणी लिहिल्या, कोणत्या काळी लिहिल्या आणि त्या बायकांच्या हाती कशा आल्या, याची चौकशी करता करता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आपल्या भाषेतील लहान गोष्टीचा इतिहास हा पुष्कळसा आपल्या माजघराचाच इतिहास आहे. तोच येथे थोडक्यात सांगते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. जे लिहिले आहे ते वाचनालयातील पुस्तके व त्यांच्या प्रस्तावना वाचून आणि बैठकीत बसून ऐकून लिहिले आहे.

गोष्ट ऐकणे आपल्याला नवे नाही. श्रावणात कहाणी ऐकल्यावाचून व्रत पुरे होत नसे. हातात अक्षता घेऊन सोमवारची, शुक्रवारची, आदित्यराणूबाईची कहाणी ऐकावयाची, हा आपल्या आज्यांचा नेम. चातुर्मासात दुपारची भांडीकुंडी आटोपली की कुणाच्या तरी ओटीवर पोथी लागे. श्रीधरांचा हरिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत हे ग्रंथ ज्या बायकांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनाही तोंडपाठ असत, ते या ऐकण्यामुळेच. जिला वाचता येई ती वाची. बाकीच्या ऐकत आणि ऐकता ऐकता वाती वळत, शेंगा सोलत. वाचणारी एक आणि ऐकणाऱ्या अनेक, कान मोकळे आणि हात कामात, अशी ही जुनी रीत होती.

त्या रीतीत एक उणेही होते. पोथीला प्रश्न विचारावयाचा नसे. कहाणीतल्या नावडतीला रानात धाडले, तर का धाडले हे कुणी विचारीत नसे. शेवटी देव प्रसन्न होई व सर्वांचे भले होई. तेवढ्याने ऐकणारीचे समाधान व्हावे अशी अपेक्षा असे, आणि बहुधा ते होईही.

स्वतः पुस्तक हाती घेऊन वाचणे ही मात्र निराळी गोष्ट होती. बाई वाचू लागली की नवऱ्याचे आयुष्य घटते अशी समजूत पुष्कळ घरांत होती. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांना किती छळ सोसावा लागला हे आपण सर्वजणी जाणतो. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, 1873 साली, रमाबाईंचे न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झाले. त्यांचे यजमान स्वतः शिकवावयास बसत. पण घरातील वडीलधाऱ्या बायका त्यांना टोचून बोलत. हे सर्व रमाबाईंनी 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात लिहून ठेविले आहे. ज्यांचे यजमान एवढे मोठे, त्यांची ही स्थिती. मग ज्यांच्या मागे कोणी नव्हते त्यांची काय असेल, याची कल्पना करता येते.

काशीबाई कानिटकर यांचे नाव आपल्यापैकी थोड्या जणींना ठाऊक असेल. मलाही बैठक सुरू होण्यापूर्वी ते ठाऊक नव्हते. त्यांचा जन्म 1861 चा. लग्न नवव्या वर्षी झाले, आणि त्या लिहावयास वाचावयास शिकल्या त्या लग्नानंतर, बऱ्याचशा स्वतःच्या खटपटीने. सासरी उघडपणे पुस्तक घेऊन बसण्याची सोय नव्हती. अशा बाईने पुढे डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले, कादंबरी लिहिली व गोष्टीही लिहिल्या. आधुनिक मराठीतील पहिल्या प्रमुख लेखिका म्हणून त्यांचे नाव घेतात.

काशीबाई व त्यांचे यजमान गोविंदराव यांचा ज्या हरिभाऊ आपट्यांशी घरोबा होता, त्या हरिभाऊंनी 1890 साली ‘करमणूक’ नावाचे साप्ताहिक सुरू केले. राजकारणाला ‘केसरी’ होता, सुधारणेला ‘सुधारक’ होता. घरात सर्वांना वाचता येईल आणि वाचता वाचता चार चांगल्या गोष्टी मनात उतरतील, असे पत्र हवे होते. ते काम ‘करमणुकी’ने केले. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी याच पत्रातून क्रमाक्रमाने आली. तीत यमुना नावाची मुलगी आपली हकिकत स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष, पण बोलणारी बाई, आणि तीही माजघरातली. त्या काळच्या बायकांना हे वाचून किंवा ऐकून काय वाटले असेल!

याच पत्रात हरिभाऊ लहान लहान गोष्टीही लिहीत. त्यांना ते ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. मराठी लघुकथेचा आरंभ पुष्कळ जण येथून धरतात. ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही दुष्काळाची गोष्ट त्यांतली नामांकित. आमच्या बैठकीत पहिली गोष्ट आम्ही हीच वाचली. भाषा जुनी, वाक्ये लांब, म्हणून पहिल्या दोन पानांना काही जणी कंटाळल्या. पण पुढे खोलीत कुणी हालेना. गोष्ट संपल्यावर आमच्यातील सत्तरीच्या एक आत्याबाई बोलू लागल्या. 1972 च्या दुष्काळात त्या नव्या नवरी होत्या. घरी बागाईत असून विहीर आटल्यामुळे रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जावे लागले. अमेरिकेतून आलेला लाल मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर दिवस काढले. त्या म्हणाल्या, “पहिले दोन दिवस पदर तोंडावर ओढून खडी फोडली. तिसऱ्या दिवशी पदर सोडला. सगळं गाव तिथंच होतं, लाजायचं कुणाला?” आत्याबाईंची सूनही त्या दिवशी बैठकीत होती. सोळा वर्षे एका घरात राहून तिने ही हकिकत पहिल्यांदा ऐकली. एका जुन्या गोष्टीमुळे सासूची गोष्ट सुनेला कळली, म्हणून त्या दिवशीच्या बैठकीची मला मोठी किंमत वाटते.

‘करमणुकी’नंतर पाच वर्षांनी, 1895 साली, ‘मासिक मनोरंजन’ निघाले. ते काढणारे गृहस्थ काशीनाथ रघुनाथ आजगावकर. बंगाली वाङ्मयाची त्यांना एवढी आवड, की त्यांनी ‘मित्र’ हे बंगाली आडनाव घेतले व त्याच नावाने ते प्रसिद्ध झाले. आज आपण दिवाळीला फराळाबरोबर दिवाळी अंकाची वाट पाहतो, ती रीत मराठीत ‘मनोरंजन’ने 1909 साली घातली. वि. सी. गुर्जर हे या मासिकाचे आवडते कथालेखक. त्यांनीही बंगालीतून पुष्कळ घेतले, विशेषतः प्रभातकुमार मुखर्जी यांच्याकडून.

त्या काळी अशा गोष्टीला ‘संपूर्ण गोष्ट’ म्हणत, म्हणजे पुढल्या अंकावर न टाकता एकाच अंकात पुरी होणारी गोष्ट. हे नाव वाचून प्रथम मला हसू आले. मागाहून विचार केला तेव्हा त्यातील मर्म कळले. घरकाम करणाऱ्या बाईला सलग वेळ मिळतो तो किती? दुपारची जेवणे आटोपल्यावर चहाचे आधण ठेवीपर्यंत, तासाभराचा. कादंबरीचा धागा मध्येच तुटतो. अर्धी टाकलेली गोष्ट मनात राहते आणि फोडणी करपते. पण एका बैठकीत पुरी होणारी गोष्ट त्या तासाभरात बरोबर बसते. लघुकथा बायकांत एवढी का रुजली, याचे पंडित काय कारण सांगतात ते सांगोत. मला तरी हे एक खरे कारण वाटते.

पुढे मासिके वाढली. ‘रत्नाकर’, ‘यशवंत’ आली. किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली काढलेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जोडीला 1930 साली खास आपल्यासाठी ‘स्त्री’ मासिक निघाले. टपालाने येणारे मासिक घरात आले की पुरुषांचे वाचून झाल्यावर ते माजघरात जाई. फडके, खांडेकर यांची नावे अशी घरोघर झाली. दिवाकर कृष्ण यांनी तर गोष्टीचे तोंडच आत वळविले. बाहेर काय घडले यापेक्षा माणसाच्या मनात काय चालले आहे, हे ते सांगू लागले. ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा त्यांचा संग्रह 1927 साली आला.

वाचता वाचता बायका लिहू लागल्या. काशीबाईंचा ‘चांदण्यातील गप्पा’ हा कथासंग्रह 1921 साली निघाला, तेव्हा त्यांचे वय साठ होते. आनंदीबाई शिर्के यांच्या कथा आल्या, कमलाबाई टिळकांच्या आल्या. नागपूरच्या कुसुमावती देशपांडे यांचा ‘दीपकळी’ हा संग्रह 1934 चा. याच कुसुमावतीबाई 1961 साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

परंतु खरी खळबळ उडाली ती 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ या पुस्तकाने. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. या बाई कोण, हे कोणास ठाऊक नव्हते. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनात काय चालते हे त्यात सरळ लिहिले होते. ते वाचून पुष्कळांना संताप आला, आणि पुष्कळ मुलींना आपलेच कुणी लिहिले असे वाटले. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर हे उघड व्हावयास पुढे बरीच वर्षे जावी लागली. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेत त्या शिक्षिका होत्या. तेथे मुलींची मने त्यांनी जवळून पाहिली होती.

या पुस्तकात मिळवत्या मुलीच्या पैशावर वडिलांचा संसार चालतो व तिचे स्वतःचे आयुष्य तसेच राहते, अशा प्रकारचा प्रश्न आहे. ती गोष्ट वाचून झाल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे बोलावयास सुरुवात केली. असले आता राहिले नाही, असे दोघीतिघींनी सांगितले. तेव्हा पतपेढीत नोकरी करणारी आमच्यातील एक ताई म्हणाली, “राहिलं आहे. माझ्या पगारावर घराचं कर्ज आहे, म्हणून माझं स्थळ पाहायचं पुढच्या वर्षावर जातं. चार वर्षं झाली.” एवढे बोलून ती गप्प बसली. आम्हीही काही बोललो नाही. त्या बैठकीला तिची आई नव्हती. पण बोलणे कानोकानी आईपर्यंत गेलेच. दोन दिवस त्या घरात अबोला होता. गोष्टी वाचून मुली बिघडतात, हे जुने वाक्य मी त्या आठवड्यात दोनदा ऐकले. पुढल्या बुधवारी आई स्वतः बैठकीला आली आणि तीच गोष्ट पुन्हा वाचा म्हणाली. आम्ही पुन्हा वाचली. त्या घरात पुढे काय ठरले ते त्यांचे त्यांच्यापाशी. मला एवढेच सांगावयाचे आहे, की जे मायलेकींना एकमेकींशी बोलता येत नव्हते ते तिसऱ्याच बाईने नव्वद वर्षांपूर्वी लिहून ठेविले होते, म्हणून बोलता आले.

स्वातंत्र्याच्या सुमारास मराठी कथा पुन्हा बदलली. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ही नावे पुढे आली. 1933 साली सुरू झालेले ‘सत्यकथा’ मासिक या नव्या कथेचे घर झाले. ते 1982 साली बंद पडले. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ 1949 साली आली आणि खेड्यातली माणसे थट्टेसाठी नव्हे, तर जशी आहेत तशी पुस्तकात दिसू लागली. आमच्या बैठकीत सर्वांत लवकर रुळली ती हीच गोष्टींची वही, असे म्हणावयास हरकत नाही. भाषा आपली, धुरळा आपला, दारिद्र्यही ओळखीचे.

अण्णाभाऊ साठे यांचे शाळेत जाणे जेमतेम दीड दिवसाचे, असे सांगतात. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही गोष्ट आम्ही मागल्या वर्षी वाचावयास घेतली. खाण बंद पडल्यामुळे बेकार झालेला भीमा मुंबईच्या उपनगरात मृतांच्या राखेतून सोने वेचून पोट भरतो. आरंभीच एका वहिनींनी हरकत घेतली, की संक्रांत तोंडावर आली असता प्रेताबितांची गोष्ट नको. त्यांचे म्हणणे ऐकून आम्ही ती संक्रांतीनंतर ठेवली. वाचली त्या दिवशी, भीमाची बोटे जातात आणि लगोलग बंद खाण पुन्हा सुरू होते, येथे आल्यावर वाचणारीचाच आवाज राहिला. आमच्यातील एका मावशींचे यजमान खडीच्या खाणीवर होते. त्या म्हणाल्या, “आमची खाण सहा महिने बंद होती. तेव्हा रात्री काय काय मनात यायचं ते कुणाला सांगितलं नाही. आज पुस्तकातनं निघालं.” हरकत घेणाऱ्या वहिनी त्या दिवशी मावशींना घरापर्यंत सोडावयास गेल्या. जुन्या ओटीवरच्या पोथीला मावशींना बोलावणे गेले असते की नाही, हेही येथे आठवावे. आपल्या सतरंजीवर दोघी शेजारी बसल्या होत्या.

आता बैठकीच्या रीतीविषयी दोन शब्द. आम्ही आठ जणींनी आरंभ केला, आता एकवीस आहोत. दरमहा दहा रुपये वर्गणी आहे. त्यातून वाचनालयाची वर्गणी भरतो. गोष्ट अशी निवडतो की मोठ्याने वाचून पाऊण तासात पुरी व्हावी. तिघींना वाचता येत नाही, म्हणून गोष्ट मोठ्यानेच वाचावयाची, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. आणि खरे सांगावयाचे तर सर्वांत नेमके प्रश्न त्या तिघींचेच असतात. वाचणारी दर खेपेस नवी. गोष्टीचे तात्पर्य कुणी सांगावयाचे नाही. “तू तिच्या जागी असतीस तर?” असे एकीने दुसरीला विचारावे आणि दुसरीला बोलावयाचे नसेल तर तिने मान हलवावी, कुणी आग्रह करू नये. खोलीत बोललेले कुणी घरी नेऊ नये, हा नियम मात्र त्या ताईच्या प्रसंगानंतर केला.

पोथीला जो प्रश्न विचारता येत नव्हता तो गोष्टीला विचारता येतो. आणि मासिक एकटीने वाचताना जो प्रश्न मनातच राहत असे तो चारचौघींत बोलून दाखविता येतो. आज्यांचे एकत्र ऐकणे आणि आयांचे एकटीने वाचणे, दोन्ही येथे जुळून आली, असे मला वाटते.

शेवटी एक विनंती. आपल्या मंडळाची खोली एकच आहे. बुधवारची दुपार शिवणवर्गाला द्यावी, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. सूचना वाईट नाही. शिवणातून चार पैसे मिळतात, गोष्टीतून मिळत नाहीत. मी स्वतः घरी फॉल-पिकोची कामे घेते, त्यामुळे त्या पैशाचे मोल मला कळते. परंतु दोन्ही एकाच खोलीत बसू शकतात. बुधवारी पाऊण तास यंत्रे थांबवावीत. त्या वेळात काजे, हुक, साडीच्या फॉलचे हातशिवण करावे, म्हणजे शिवणवर्गाचेही काम अडणार नाही आणि गोष्टही ऐकून होईल. आपल्या आज्या वाती वळता वळता ऐकतच होत्या.

तसेच मंडळाच्या कपाटातील एक फळी पुस्तकांसाठी मिळावी. 1967 साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व गावोगावच्या वाचनालयांना सरकारी अनुदानाचा आधार मिळाला, म्हणूनच ही जुनी पुस्तके आपल्यासारख्यांच्या हाती येऊ शकली. पण वाचनालयातील जुन्या प्रती आता फार जीर्ण झाल्या आहेत. ज्यांच्या घरी माळ्यावर जुने दिवाळी अंक, कथासंग्रह पडले असतील त्यांनी ते रद्दीत न देता या फळीवर आणून ठेवावेत. अंगणात ऊन देऊन, झटकून, आम्ही ते कव्हरे घालून ठेवू.

पुढल्या बुधवारी कुसुमावती देशपांडे यांची गोष्ट आहे. वेळ दुपारी तीनची. ज्या भगिनी आजवर आल्या नाहीत त्यांनी अवश्य यावे, हातातील काम घेऊन यावे.